कवन नाल्याचा शाहीर

चोरी तुम्ही केलीत. तुमचं नाव इथं घेत नाही, कारण तुमच्या खुर्चीत दर दोन-तीन वर्षांनी नवा माणूस येऊन बसतो आणि शिक्का तेवढा जुना राहतो. हे त्या शिक्क्याला उद्देशून आहे. एका वस्तीची वाट तुम्ही पळवलीत, आणि जी बाई ती वाट पायानं चालली तिच्याच कपाळी चोरीचा डाग लावलात. ही चोरी उघडी कशी पडली ते आता ऐका. ऐकायची सवय नसेल तुम्हाला. तरी ऐका.

१

दिंद्रुडच्या पेठेत खताच्या दुकानावर एक माडी आहे. तिथं रोहिणीचा कॉम्प्युटर क्लास चालतो. सकाळी पोरं यायच्या आधी चहाचा कप घेऊन ती नकाशा उघडायची. हा नकाशा कुठल्या कंपनीचा नाही आणि सरकारचाही नाही. ज्यानं त्यानं आपलं गाव आपण चालून, बघून त्यात काढायचं, आणि ज्याला लागेल त्यानं तो वापरायचा, असा जगभरच्या हौशी माणसांचा तो नकाशा. रोहिणीनं आसपासची कितीतरी शिवारं त्यात काढली होती. चपला झिजवून काढली होती.

त्या सकाळी टेकवस्ती नकाशात नव्हती.

तळं जागेवर होतं. सुंदररावांचा ऊस जागेवर होता. मधल्या टेकावर जिथं घरं होती, विहिरी होत्या, ओढा होता, ओढ्यावरचा नळकांडी पूल होता आणि पुलावरून डांबरी सडकेला मिळणारी गाडीवाट होती, तिथं पांढरा कोरा माळ. कुणीतरी पाटीवरून ओलं फडकं फिरवावं तसा.

या नकाशात कुणी काय काढलं आणि कुणी काय पुसलं याचा सगळा इतिहास राहतो. तिनं तो उघडला. 'शिवार-पहारा' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, "विनापरवाना आयात. कार्यालयाच्या नकाशावरून उतरवून एकगठ्ठा ओतलेली माहिती. काढून टाकली." खाली आणखी एक ओळ. रोहिणीचं खातं बंद.

चहा तसाच निवला. तेवढ्यात फोन वाजला. टेकवस्तीवरची सुरेखा.

"मॅडम, काल दुपारी माझ्या पोटात कळ आलती. अँब्युलन्स बोलावली तर ती तळ्याच्या पल्याड जाऊन उभी. डायवर म्हनला, बाई, नकाशात तुमची वस्तीच न्हाई. मी काय सपनात राहते का?"

"आता कशी आहेस?"

"कळ थांबली. पर आत्याबाई देवापुढून उठंना झाल्यात."

सुरेखाला नववा लागला होता. बाळाची वार खाली सरकलीय, बाळंत होईपर्यंत पायी चालायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आणि टेकवस्ती अशी, की तीन बाजूंनी तळ्याचं पाणी आणि चौथ्या बाजूला सुंदरराव. दसरा झाला, वस्तीवरची कर्ती माणसं ऊसतोडीला गेली, सुरेखाचा नवरा अभिमन्यूही गेला, आणि सुंदररावांनी जेसीबी लावला. गाडीवाट जिथं त्यांच्या वावराला लागते तिथं माणूस बुडेल एवढा चर खणला, नळकांडी पुलाचे नळे उपसून फेकले आणि वर काटेरी तार ओढली. उरला तो तळ्याच्या कडेचा गुडघाभर चिखल. सुरेखाला बाजेवर घालून न्यावं तर बाज उचलायला चार खांदे लागतात, आणि खांदे सगळे उसाच्या फडात. दिंद्रुडातून माणसं न्यावीत तर सुंदररावांच्या तारेला हात लावायला कोण धजतं?

मंगळवारी तहसील कार्यालयात वाटेची सुनावणी होती. वस्तीकडून पुरावा एकच, रोहिणीचा नकाशा. तो आता कोरा होता.

२

कार्यालयाचा नकाशा कार्यालयाच्या वेबसाइटवर होता, 'प्रत्यक्ष पाहणीवर आधारित' असा शिक्का मिरवत. रोहिणीनं तो आणि आपली जुनी प्रत शेजारी शेजारी लावली.

ती पडद्याजवळ वाकली. घरांचे कोपरे तेच. विहिरी त्याच जागी. ओढ्याची वळणं केसाचा फरक नाही अशी. एका गोठ्याची भिंत तिनं घाईत वाकडी काढली होती, ती कार्यालयाच्या नकाशातही तेवढीच वाकडी. परकं कुणी बघेल तर म्हणेल, पोरीनं नक्कल मारली. क्षणभर तिलाच वाटलं, मारली तर नाही ना मी?

फरक दोनच. कार्यालयाच्या नकाशात गाडीवाट नव्हती. आणि ओढ्याचं नाव रोहिणीकडं 'म्हाळूचा ओढा' होतं, तिथं लिहिलं होतं 'कवन नाला'. बाकी ओढ्यावर पुलाची खूणसुद्धा जशीच्या तशी. तिनं ती पाहिली आणि पुढं गेली.

सुनावणीत काय म्हणणार ते आता उघड होतं. बाईनं आमचा नकाशा उतरवला आणि त्यात आपल्या मनची वाट घुसडली.

'एकगठ्ठा' हा शब्द मात्र तिच्या डोक्यातून जाईना. बीडला प्रविण म्हणून एक होता. या नकाशाचं काम जिल्ह्यात त्यानं सुरू केलं, नव्यांच्या चुका काढायलाही तोच. हा शब्द दिवसातून दहादा त्याच्या तोंडी. तिनं फोन लावला.

"शिवार-पहारा कावून झालास बे? स्वतःच्या नावानं पुसायची लाज वाटली?"

पलीकडं खुर्ची सरकली.

"रोहिणी, कार्यालयाचं पत्र आलं. दोन्ही नकाशे तंतोतंत जुळतात. तू एका बैठकीत अख्खी वस्ती चढवलीस. याला आयात म्हणतात. आधी सगळ्यांना विचारायचं असतं, मालकाची परवानगी दाखवायची असते. नियम तुझ्यासाठी वाकवू?"

"टेकावर इंटरनेट येत नाही, प्रविण. आठवडाभर चालले. घरापाशी उभी राहायचे, नाव विचारायचे, फोन पुढं करायचे. लोक बोलायचे ते फोन लिहून घ्यायचा. मग क्लासवर येऊन सगळं एकदम चढवलं. दहा घरचं पाणी एका घागरीत भरलं म्हणून ती घागर चोरीची होती का?"

"मग ते जुळतं कसं?"

"तेच मी शोधतेय. तू पुसण्याआधी शोधायला पाहिजे होतंस."

"समज, तू केलं नसशील. तर सिद्ध कर. तुझी नक्कल त्यांनी केली की त्यांची तू, हे दोन चित्रं बघून देवालाही सांगता येणार नाही."

त्यानं फोन ठेवला. आणि यातली वाईट गोष्ट अशी, की त्याचं बरोबर होतं.

३

पाहणी करणारा माणूस कार्यालयासमोरच्या हॉटेलात सापडला. रामेश्वर त्याचं नाव. कार्यालयानं मोजणीचं काम ज्याला दिलं त्या ठेकेदाराचा हा माणूस. इस्त्रीचा शर्ट, पांढरेशुभ्र बूट. रोहिणी त्याच्या बुटांकडं बघत राहिली. टेकवस्तीच्या काळ्या मातीत हे बूट एकदा जरी बुडाले असते तर असे राहिले नसते. पण बूट नवे असू शकतात.

"तुमचा नकाशा फार सुबक आहे," ती म्हणाली. "ओढ्याचं नाव आवडलं. कवन नाला."

रामेश्वर खुलला. "नावामागं इतिहास असतो, मॅडम. त्या ओढ्याकाठी जुन्या काळी एक शाहीर बसायचा. तिथंच कवनं रचायचा. म्हणून कवन नाला."

"अरे वा. हे कुणी सांगितलं?"

"शाहिराचं आमी शोधून काढलं. नाव सांगितलं बंकटनं. सुंदररावांचा माणूस. पाहणीच्या वक्ताला तोच होता माझ्यासंगं, दुसरं कुणी नव्हतं."

"वस्तीवर कुणाला विचारलं नाही?"

"वस्तीवर कोन असतंय? समदे फडावर. म्हाताऱ्या तेवढ्या. त्यांना काय विचारायचं?"

हे त्यानं आपणहून सांगितलं. चहाही त्यानंच पाजला.

संध्याकाळी माडीच्या जिन्यात पावलं वाजली. सुंदरराव स्वतः आले. पांढरं धोतर, तोंडात लवंग. संगणकांवरून त्यांनी असा हात फिरवला जसा बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवतात.

"मॅडम, लई हुशार हाव तुमी. आमच्या नातीला घालायचा विचार हाय तुमच्या क्लासात."

"घाला की."

"घालू. क्लास राहिला तर घालू. ही माडी आमच्या मेव्हण्याची हाय, ठाव असंल."

"ठाव आहे."

"मग झालं तर. वाट व्हती कवा? लोक वावरातनं चालत व्हते, आमी भले म्हणून चालू देत व्हतो. नकाशात रेघ मारली म्हणून सडक व्हत न्हाई, पोरी."

"आणि पुसली म्हणून जात नाही, तात्या."

ते हसले. जिना उतरताना एकदाही मागं वळून बघितलं नाही. रोहिणीनं खिडकी लावली, आणि माडी एवढी लहान कधी झाली हे तिला कळेना. खाली त्यांचा मेव्हणा, समोर त्यांचं दुकान, कार्यालयात त्यांचा नकाशा. टेकवस्तीला तीन बाजूंनी पाणी तरी होतं.

४

रविवारी ती चिखलातून टेकावर गेली. चपला हातात, साडी गुडघ्यावर. सुरेखा बाजेवर पडून होती. सासूबाई चंद्रभागाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या.

रोहिणीनं शाहिराची गोष्ट सांगितली तेव्हा सुरेखा पोट धरून हसली आणि मग घाबरून हसायची थांबली.

"कवन? कुटलं कवन अन कुटला शाहीर? इथं गानं म्हनारा एकच, अभिमन्यू, तेबी पिल्यावर. ओढा म्हाळूचा. शेंबडं पोरगंबी सांगंल. माझ्या मामंजींच्या आज्यानं बांध घातलता, त्याचं नाव म्हाळू. तेच नाव पुढं मामंजींना ठिवलं."

"आजी, तुम्ही तरी सांगा. कवन असं कधी ऐकलंय?"

चंद्रभागाबाईंनी नकाराची मान हलवली आणि शेंग फोडली. सुरेखा खालच्या आवाजात म्हणाली, "त्यांना इचारू नगा. ओढ्याचा इषय आला की त्या गप. मामंजी जाऊन इतकी वरसं झाली, पर त्यांचं नाव अजून तोंडात घेत न्हाईत. मंग ओढ्याचंबी घेता येत न्हाई. धुनं धुवायला जाताना बी 'तिकडं जाते' म्हनतात."

"तिकडंच म्हनायचं," चंद्रभागाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "कान लई तिखट झालेत माझे."

रोहिणी उठली. काही हाती लागलं नव्हतं. उन्हं कलायच्या आत चिखल ओलांडायचा होता.

"आजी, मंगळवारी सुनावणीला माझ्यासोबत चला. तुम्हीच सांगा वाट कधीपासूनची ते."

म्हातारीनं शेंग फोडता फोडता वर पाहिलं. नवं काही पुढं आलं की 'का म्हणून' एवढ्या अर्थाचा हाच एक शब्द ती आधी टाकायची, कुंपणासारखा.

"कावून?"

रोहिणी हसली. मग हसता हसता थांबली. तिनं एक चप्पल ओट्यावर ठेवली, एक हातातच राहिली.

"आजी," ती हळू म्हणाली, "मी पहिल्यांदा आले होते, फोन तुमच्या तोंडापुढं धरून ओढ्याचं नाव विचारलं होतं. आठवतं?"

"आठवतंय की. म्हनलं ही कोन बया आन हिला कशाला पायजे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

सुरेखाच आधी ओरडली. बाजेवर अर्धी उठून बसली, "मॅडम! ते फोनात लिव्हलं गेलतं! आपुन किती हसलो व्हतो!"

५

मंगळवारी कार्यालयातल्या खोलीत साहेब होते, सुंदरराव होते, रामेश्वर आणि बंकट होते. मागच्या बाकावर प्रविण येऊन बसला होता, कुणी न बोलावता. चंद्रभागाबाई चिखलाच्या पायांनी आल्या, शिपायानं त्यांना फरशी दाखवून पाय पुसायला लावले.

"वाट नकाशात नाही," साहेब म्हणाले. "विषय संपला."

"साहेब, जागेवर येऊन बघा. चर आहे, उपसलेले नळे आहेत."

"पाहणी झालेली आहे. हा नकाशा म्हणजेच पाहणी."

"मग पाहणीबद्दलच विचारते. रामेश्वरभाऊ, ओढ्याचं नाव तुम्हाला बंकटभाऊंनी सांगितलं, दुसरं कुणी सोबत नव्हतं. असंच ना?"

"असंच."

"बंकटभाऊ, ओढ्याचं नाव काय?"

बंकटनं सुंदररावांकडं पाहिलं. सुंदररावांना यात धोका दिसला नाही. त्यांनी मान डोलावली.

"म्हाळूचा ओढा," बंकट म्हणाला. "समद्या शिवाराला ठाव हाय. त्यात काय?"

"कवन नाला असं कधी म्हणालात?"

"कवन? आमी कशाला म्हनू? काय हाय ते?"

रामेश्वरनं पाणी मागितलं. रोहिणी साहेबांकडं वळली. "आता तेवढं या आजींना विचारा. मी नाही. तुम्ही विचारा."

साहेब वैतागले होते. तरी विचारलं. "आजी, तुमच्या वस्तीवरच्या ओढ्याला काय म्हणतात?"

चंद्रभागाबाईंनी पदर सावरला. नवऱ्याचं नाव होतं ते. सरकारपुढं तरी कसं घ्यायचं? त्यांनी साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कावून?"

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. रोहिणी हसली नाही. तिनं मोबाइल टेबलावर ठेवला.

"मी पहिल्यांदा विचारलं तेव्हाही या हेच म्हणाल्या, आणि फोननं ते नाव समजून लिहून घेतलं. 'कावून'. काही आठवडे आमच्या नकाशात ओढ्याचं नाव 'कावून' होतं. मग सुरेखानं दाखवलं, आम्ही पोटभर हसलो आणि मी ते दुरुस्त केलं. चुकीचं नाव आणि दुरुस्ती, दोन्ही इतिहासात तारखेसकट आहे. त्या आठवड्यांत कुणीतरी आमची वस्ती इथं उचलून आणली. उचलताना इंग्रजी अक्षरं केली, परत मराठी केली, 'कावून'चं 'कवन' झालं. मग नावाला अर्थ पाहिजे म्हणून शाहीर बसवला." ती रामेश्वरकडं वळली. "शिवारात कुणालाही विचारलं असतंत तर म्हाळूचा ओढा कळलं असतं. ओढ्याचं नाव म्हणून हा शब्द एकाच तोंडातून येऊ शकतो. आणि त्या तोंडाला तुम्ही विचारलंच नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. म्हाताऱ्यांना काय विचारायचं म्हणालात."

मागून प्रविण उठला. 

"साहेब, ती वस्ती मी पुसली. चूक माझी. एकदम किती चढवलं यावर आयात ठरत नाही, कुणाचं उचलून चढवलं यावर ठरते. इथं आयात झाली. फक्त उलट्या दिशेनं झाली. आमचं कुणीही घ्यावं, अट एकच, घेतलं म्हणून सांगावं. तुम्ही घेतलंत आणि वर तिलाच चोर म्हणालात."

"छपाईत चूक होऊ शकते," रामेश्वर म्हणाला. "एका नावावरनं वाट सिद्ध होत न्हाई."

सुंदररावांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बरुबर हाय. नाव काय का असंना. वाट कुठंय?"

"तीच दाखवते." रोहिणीनं कार्यालयाचा नकाशा साहेबांपुढं सरकवला आणि ओढ्यावर बोट ठेवलं. "ही खूण कशाची, साहेब?"

साहेबांनी चष्मा पुढं ओढला. "पुलाची."

"अलीकडं काय आहे?"

"शेत."

"पलीकडं?"

"शेत."

"मग हा पूल कशावरचा आहे?"

साहेबांचं बोट पुलावरून अलीकडं गेलं, पलीकडं गेलं, परत पुलावर आलं. चंद्रभागाबाई पायावरचा उरलेला चिखल नखानं काढत होत्या.

"वाट पुसली आणि पूल पुसायचा राहिला," रोहिणी म्हणाली. "जागेवरचा पूल तात्यांनी उपसला. तुमच्या नकाशात तो अजून उभा आहे. तुमच्याच शिक्क्याखाली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. नकाशाची घडी केली. मग तेच म्हणाले जे तुम्ही नेहमी म्हणता.

"तपासून घेऊ. पुढची तारीख घ्या."

"साहेब, यांची सून अडकलीय वर. नववा महिना—"

"तारीख घ्या म्हटलं ना."

६

प्रविणनं त्याच संध्याकाळी टेकवस्ती परत नकाशात आणली. घरं, विहिरी, म्हाळूचा ओढा, गाडीवाट. रोहिणीचं खातं उघडलं. सुंदररावांच्या मेव्हण्यानं तिला माडी खाली करायला सांगितलं आहे. कार्यालयाच्या नकाशावरून कवन नाला गुपचूप गेला, पुलाची खूणही गेली. पण तोपर्यंत रोहिणीनं त्याच्या प्रती काढून ठेवल्या होत्या.

सुरेखाला परत कळ आली तेव्हा अँब्युलन्स चुकली नाही. सडकेवरून वळली, गाडीवाटेनं आली आणि चरापाशी येऊन बरोबर उभी राहिली. अलीकडं गाडी, पलीकडं बाज, मध्ये तुमची पुढची तारीख. कळ याही वेळी थांबली. तिसऱ्यांदा थांबेलच असं नाही. ती अजून टेकावर आहे, बाजेवर, आणि चंद्रभागाबाई ओट्यावर बसून चराकडं बघत असतात.

ओढ्याचं नाव म्हणून तुम्ही जो शब्द चोरून नेलात, तो तुमच्या कागदांवर कितीतरी दिवस छापलेला होता. तुम्ही त्यावर सही केली, शिक्का मारला, त्यात शाहीर बसवला. ते नाव नव्हतंच. म्हातारीनं विचारलेला प्रश्न होता तो, आणि तो आता तुम्हाला आहे. वाट होती हे तुमचाच नकाशा सांगत होता, तरी चर बुजवला नाहीत. उत्तर द्या.

कावून?